ट्रामचा रोल फिरता ठेवणारं सांगलीतलं दुकान

जुन्या ट्रामच्या किंवा बसच्या पाटीचा रोल, म्हणजे गाडीच्या डोक्यावरच्या पेटीत गुंडाळलेलं, गाडी जाईल त्या ठिकाणांची नावं असलेलं लांब कापड, तुमच्याकडे असेल आणि तो घरात लावायचा विचार असेल, तर फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळातल्या पेंटरकडे एकदा जाऊन या. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण सध्या हातातली कामंच उरकत नाहीत, म्हणून त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. बोळात शिरलं की डाव्या हाताला दारावर नंबरप्लेटी टांगलेल्या दिसतात, तेच दुकान. पुढे वडील, म्हणजे पेंटरमामा, ब्रशने रंगवतात, मागच्या खोलीत मुलगा दिव्याच्या पाट्या बनवतो. माझं काम दोघांनी मिळून केलं आणि ते इतकं मनासारखं झालं की सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी एसटीत विजेच्या कामावर होतो. हेडलाइट, वायरिंग, सेल्फ, पाटीवरचा दिवा, हेच आयुष्यभर केलं. आता निवृत्त होऊन विश्रामबागला राहतो. त्यामुळे या दुकानाकडे मी गिऱ्हाईक म्हणून बघितलं तसंच कारागीर म्हणूनही बघितलं.

रोल मेलबर्नच्या ट्रामचा. भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याने तो जुन्या सामानाच्या लिलावात घेतला आणि सुट्टीला येताना पुठ्ठ्याच्या नळीत घालून माझ्यासाठी आणला. काळं कापड आणि त्यावर मोठी पांढरी इंग्रजी अक्षरं. रुंदी जवळजवळ तीन फूट, आणि लांबी एवढी की हॉलमध्ये उलगडायला घेतला तर दुसरं टोक स्वयंपाकघरात गेलं. फ्लिंडर्स स्ट्रीट, सेंट किल्डा बीच, क्यू, बर्वुड, वॉटल पार्क, माँट अल्बर्ट, कॅम्बरवेल अशी एकाखाली एक नावं, मध्येच एक 'स्पेशल', आणि दोन्ही टोकांना कोरा पट्टा.

असल्या पाट्या डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या गाड्या म्हणजे मेलबर्नच्या डब्ल्यू वर्गाच्या ट्राम. १९२३ ते १९५६ या काळात त्या बनत राहिल्या, वेगवेगळ्या सुधारणा होत होत साडेसातशेच्या वर. हिरवा रंग आणि दुधाच्या साईच्या रंगाचा पट्टा, लाकडी आतली बाजू, आणि गाडीला मागचं-पुढचं असं काही नाहीच. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची नाही. वरच्या तारेला लागणारा दांडा बदलायचा, ड्रायव्हरने हँडल घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जायचं, आणि दोन्हीकडचे रोल फिरवून नवं नाव आणायचं. म्हणजे एका गाडीला दोन पेट्या, आणि दिवसभरात त्या किती वेळा फिरत असतील! त्यातल्या काही गाड्या शहराच्या मध्यभागात गोल फिरणाऱ्या पस्तीस नंबरच्या मार्गावर १९९४ पासून पर्यटकांसाठी फुकट चालवल्या जातात. भाच्याने त्यातूनच पहिल्यांदा प्रवास केला आणि त्याला हा नाद लागला.

आधी मी एका दुसऱ्या ठिकाणी हा रोल दाखवला होता. कुठे ते सांगत नाही. तिथे सल्ला मिळाला की याचे पाच तुकडे करून पाच फ्रेमा होतील, काच लावून देऊ, पाहुण्यांना भेट द्यायलाही बरं. बाहेरच्या देशांतही असं सर्रास चालतं, एकेक नाव कापून चौकटीत घालतात आणि विकतात. मला ते मुळीच पटत नाही. रोल हा यंत्राचा भाग आहे. तो फिरायला हवा आणि त्याच्या मागून उजेड यायला हवा, तर तो पाटी राहतो. कापून काचेमागे घातला की उरतं ते नुसतं छापील कापड.

पेंटरमामांनी मी नळीतून रोल काढून दिल्यावर टेबलावर आधी जुनी चादर अंथरली आणि पहिलं काम काय केलं, तर रोल उलटा केला. पुढची अक्षरं बघितलीच नाहीत. मागच्या बाजूला बोट फिरवत फिरवत त्यांनी मला दाखवलं की प्रत्येक नावाच्या मागे कडेला तेच नाव बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. पेटीत आतल्या बाजूने बघणाऱ्या माणसाला पुढचं मोठं नाव उलटं आणि अर्धवट दिसणार, म्हणून त्याच्यासाठी ही सोय. भाच्यानेही ते बघितलं नव्हतं. मग मामा म्हणाले, "हे कापायचं नाय साहेब. ड्रायव्हरला वाचायला लिहिलंय ते, भिंतीला न्हाई." तिथेच मी काम त्यांना द्यायचं ठरवलं.

रोलची अवस्था बरी होती, पण दोन्ही कडा झिजून दशा निघाल्या होत्या आणि बर्वुडच्या खाली आडवी चीर गेली होती. एका जागी मूळ कापडावर दुसरं कापड शिवून बसवलेलं आहे. कुठला तरी मार्ग बदलला असणार, तेव्हा अख्खा रोल नवा करण्यापेक्षा तेवढाच पट्टा बदलला. त्या पट्ट्यावरचा काळा रंग थोडा वेगळा, अक्षरंही किंचित अरुंद. मुलगा म्हणाला, काका, हे ठिगळ काढून मागून नीट एकसारखं करून देऊ का? मामांनी त्याला गप्प केलं. ठिगळ तसंच ठेवायचं, फक्त शिवण उसवली आहे तिथे टाके घालायचे. मीही तेच म्हणणार होतो.

सफाई पूर्ण कोरडी. पाणी नाही, साबण नाही, थिनर तर नाहीच. मऊ ब्रशने धूळ, मग सुती फडक्याने हलकं टिपून घेणं. जुन्या रोलवर शाई कापडाच्या वर बसलेली असते, नखाने अक्षराची कड लागते. ओलं झालं की ती पापुद्र्याने सुटते. चिरेच्या आणि कडांच्या मागे त्यांनी मांजरपाटाच्या पट्ट्या लावल्या, त्याही फेव्हिकॉलने चिकटवल्या नाहीत. मैद्याची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. ही बुकबाइंडरची जुनी रीत, कीड लागू नये म्हणून. खळीचा मोठा फायदा असा की उद्या कुणाला ती पट्टी काढायची झाली, तर जरा दमट करून अलगद काढता येते. पट्ट्या उजेडात दिसतील अशी मला धास्ती होती, पण त्यांनी त्या अक्षर नसलेल्या काळ्या भागामागेच बसतील अशा बेताने कापल्या. चिरेजवळ एक पट्टी मात्र 'बर्वुड'च्या पहिल्या अक्षराच्या पायाशी थोडी आली आहे आणि दिवा लावल्यावर तिथे उजेड मंद वाटतो. त्याला इलाज नव्हता.

आता पेटी. हे काम मुलाचं. सागवानी चौकट, पुढे साधी काच, मागे उघडणारं फळीचं दार, आत वर एक आणि खाली एक असे दोन दांडे. कापड एका दांड्यावरून सुटतं आणि दुसऱ्यावर गुंडाळलं जातं. ऐकायला सोपं वाटतं, पण एका दांड्यावर गुंडाळी जाड होत जाते तशी त्याची एका फेऱ्यात कापड ओढायची लांबी वाढत जाते. दोन्ही दांडे सारख्या वेगाने फिरवले तर कापड कुठे ताणतं, कुठे सैल पडून लोंबतं. म्हणून ज्या दांड्यावर गुंडाळायचं तोच हँडलने फिरवायचा आणि दुसऱ्याला नुसतं थोडं अडवून धरायचं. मुलाने दुसऱ्या दांड्याच्या टोकाला वाटीत फेल्ट बसवून तसा ब्रेक दिला. दातेरी चाकं त्याने विट्याच्या एका यंत्रमागवाल्याच्या भंगारातून आणली. एक खिट्टी दात्यात अडकते, त्यामुळे नाव जिथे थांबवू तिथेच थांबतं. ट्रामच्या धक्क्यांत ही खिट्टी नसेल तर दोन चौकांत 'कॅम्बरवेल'चं अर्धं 'माँट अल्बर्ट' झालं असतं.

हँडल कुठल्या बाजूला असावं यावर त्या पोराने खूप वेळ घालवला. सॅन फ्रान्सिस्कोत एफ नावाच्या मार्गावर १९९५ पासून जुन्या ट्राम रोजच्या प्रवाशांसाठी चालवतात, त्यांचे व्हिडिओ त्याने शोधून शोधून बघितले. तिथे बऱ्याच गाड्या पीसीसी जातीच्या आहेत. अमेरिकेत मोटारी आणि बसपुढे ट्रामचा धंदा बसायला लागला तेव्हा ट्राम कंपन्यांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन समिती नेमली (तिच्याच इंग्रजी नावावरून पीसीसी) आणि नवी गुळगुळीत, वेगवान गाडी तयार करून घेतली. १९३६ मध्ये ती रस्त्यावर आली. त्याच मार्गावर मिलानहून आणलेल्या १९२८ च्या गाड्याही आहेत, आणि खुद्द मिलानमध्ये त्यांच्या बहिणी अजून रोज धावतात. मुलगा मला मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवायचा, "काका, हे बघा, हात वर केला त्यानं, म्हणजे हँडल वरच्या अंगाला." शेवटी हँडल उजवीकडे खाली आलं, कारण माझ्या भिंतीवर तेच सोयीचं होतं. पण त्याने शोधलं, याचं मला कौतुक आहे. असल्या गोष्टी शिकवणारी शाळा इथे नाही.

मुलाच्या हातून एक गोष्ट नीट झाली नाही ती दिव्याची, आणि तिथे मला हस्तक्षेप करावा लागला. त्याने पहिल्यांदा एलईडीची पांढरीशुभ्र पट्टी लावली, कापडाच्या अगदी जवळ. निळसर उजेड पडला आणि प्रत्येक अक्षरात दिव्यांचे ठिपके वेगवेगळे मोजता येत होते. दुकानांच्या पाट्यांना तसं चालतं, इथे नाही. जुन्या ट्राममध्ये तारेचे बल्ब होते आणि त्यांचा उजेड पिवळा. मी पट्टी बदलून तीन हजार केल्व्हिनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, घ्यायला लावली, ती मागच्या फळीपर्यंत सरकवली आणि मध्ये दुधी ॲक्रिलिकचा पत्रा घालायला सांगितला. पेटीची खोली दोन इंचांनी वाढली. मग मात्र कापडाची वीण दिसायला लागली. अक्षरं एकसारखी पांढरी दिसत नाहीत, आडवे-उभे धागे त्यात उमटतात, आणि ते फार सुंदर दिसतं.

त्या उजेडात अजून एक गोष्ट कळली. 'सेंट किल्डा बीच'चा पट्टा बाकीच्यांपेक्षा तांबूस आहे, आणि तांबूसपणा मधोमध जास्त, कडांना कमी. हा बल्बच्या उष्णतेचा डाग. जे नाव जास्त तास दिव्यापुढे राहिलं ते जास्त भाजलं. त्या गाडीने कुठल्या फेऱ्या जास्त केल्या याची नोंद कापडावरच राहिली आहे. 'स्पेशल'चा पट्टा जवळजवळ कोरा करकरीत आहे.

ट्रामच्या दिव्यांबद्दल आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या ट्रामला तारेतून ६०० व्होल्ट डीसी मिळायची. एवढ्या दाबावर साधा बल्ब जगणार नाही. म्हणून १२० व्होल्टचे पाच बल्ब एकामागोमाग जोडायचे. हिशोब बरोबर जुळतो. पण त्यातला एक गेला की पाचही गेले. पाटीचा बल्ब त्या साखळीत असेल तर अंधारात पाटी गुल आणि जोडीला डब्यातले दिवेही गुल. आमच्या बसमध्ये चोवीस व्होल्टची बॅटरी, प्रत्येक दिवा स्वतंत्र, एक गेला तर एकच. माझ्या पेटीला मी बारा व्होल्टचा ॲडॉप्टर लावून घेतला आणि आत स्वतः फ्यूज बसवला. त्यांनी दिलेल्या जोडणीत फ्यूज नव्हता, नुसत्या टेपने गुंडाळलेले सांधे होते. जुनं सुती कापड, सागवान आणि आत वीज, असं असताना हे चालवून घेण्यासारखं नाही. तुम्ही काम दिलंत तर फ्यूज आणि नीट सोल्डर केलेले सांधे आधीच मागून घ्या. मुलगा ऐकतो, सांगितलं की करतो.

मामांच्या हाताचं कामही बघायचं म्हणून मी एक एसटीची पाटी करायला टाकली. पत्र्याची, काचेवरच्या खाचेत सरकवायची असायची तसली, सांगली ते शिराळा. शिराळा तालुक्यातलं आमचं गाव. त्यांनी आधी पांढरा रंग दिला, तो वाळू दिला, मग दोऱ्याला खडू चोळून फटका मारून वर-खाली रेघा आखल्या. हाताखाली काठी धरून काळ्या ऑइल पेंटने एकेक अक्षर. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात, डावीकडून उजवीकडे. त्या रेघेला जराही थरथर नाही. डेपोत आम्ही अशा पाट्यांचे ढीग बघितलेत. गाडी फलाटावर लागली की कंडक्टर पाटी घेऊन यायचा, परतीला तीच उलटी करून लावायची. तेव्हा ती कुणी रंगवली याचा कधी विचार केला नव्हता, कारण ती कायम वाचता यायची.

मामांनी त्या वेळी सांगितलेली गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मेलबर्नचा रोल आणि आपली पाटी शेजारी ठेवून ते म्हणाले, इंग्रजीवाल्याला सोपं आहे, त्याचं प्रत्येक मोठं अक्षर पट्टी वरपासून खालपर्यंत भरून टाकतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना जागा ठेवावी लागते आणि खाली उकाराला. मध्ये मूळ अक्षराला उरते ती जेमतेम अर्धी पट्टी. म्हणजे तेवढ्याच उंचीच्या पाटीत आपलं अक्षर निम्मं होतं आणि लांबून वाचायला तेवढंच अवघड. 'जत' लिहायला मिळालं की पेंटर खूश, कारण दोन अक्षरं, वर काही नाही, खाली काही नाही, पट्टी भरून लिहा. 'कुरुंदवाड' आलं की खाली 'कु'चा उकार, वर अनुस्वार, आणि लांबीही मोठी. तिथे ते काय करतात, तर उकार अक्षराच्या पोटाला चिकटवून छोटा काढतात, अनुस्वार शिरोरेघेला टेकवतात आणि अक्षराची उभी दांडी जाड करतात. माझ्या 'शिराळा'त 'शि'ची वेलांटी त्यांनी डोक्यावरून कमी उंचीने वळवली, त्यामुळे 'श' मोठा राहिला. दहा पावलांवरून, बारा पावलांवरून बघितलं, नाव स्वच्छ वाचता येतं. संगणकाच्या फाँटमध्ये हा विचार कुणी करत नाही. छापून आणलेल्या फ्लेक्समध्ये मात्रा वर जाऊन कापल्या गेलेल्या आपण रोज बघतो.

आताच्या गाड्यांवर एलईडीच्या पाट्या आहेत. रात्री त्या लांबून चमकतात, हे खरं. पण त्यातली नावं सरकत जातात आणि स्टँडवर गर्दीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाने नाव परत फिरून येईपर्यंत थांबायचं म्हणजे तोवर गाडी भरते. रोलवर किंवा पत्र्याच्या पाटीवर नाव एकाच जागी, सतत, पूर्ण असतं. हे माझं ठाम मत आहे आणि स्टँडवर इतकी वर्षं काढल्यावर ते बदलणार नाही.

रोल घरी लागला तेव्हा आमच्या अण्णांची फार आठवण आली. ते लालबागला गिरणीत होते. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ च्या मे महिन्यात ती विजेवर आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. अण्णा सांगायचे की त्या रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. दादरच्या ट्राम टर्मिनसवरून तिथल्या चौकाला लोक अजून दादर टीटी म्हणतात, ट्राम जाऊन साठ वर्षं होऊन गेली तरी. नाशकातही १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती. आपल्याकडे या गाड्या होत्या आणि त्यांच्या पाट्या मात्र कुठे गेल्या, कुणी भंगारात घातल्या, हे बघायला गेलं तर हाताला काही लागत नाही. म्हणून परक्या शहराचा असला तरी एक रोल जसाच्या तसा, फिरता, आपल्या गावात दुरुस्त होतो याचं मला महत्त्व वाटतं.

आता पैसे. रोलची दुरुस्ती, सागवानी पेटी, दांडे, चाकं, दिवा, सगळं मिळून साडेसतरा हजार झाले. ॲडॉप्टर आणि फ्यूज माझा. पत्र्याची पाटी नऊशे रुपये. सागवान नको असेल तर प्लायवूडमध्ये चार-साडेचार हजार कमी होतात, पण तीन फुटांच्या पेटीला प्लाय कालांतराने वाकतो आणि दांडे तिरके झाले की कापड एका बाजूला चढत जातं. मी सागवानच घ्या म्हणेन. पेटी जड आहे. एकट्याने उचलायची नाही, आणि भिंतीत चांगले खोल बोल्ट मारायला हवेत. आमच्याकडे बांधकाम जुनं, विटांच्या भिंतीचं, म्हणून अडचण आली नाही. नव्या फ्लॅटच्या पातळ भिंतीला आधी खाली टेकू द्या.

वेळेच्या बाबतीत मात्र हे लोक कच्चे आहेत. गणपतीच्या आधी टाकलेलं काम दिवाळी उलटून गेल्यावर मिळालं. मधल्या काळात मंडळांच्या कमानी, मग निवडणुकीचे बोर्ड, मग साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे नंबर. फोन केला तर उचलतील याचा भरवसा नाही. समोर जाऊन उभं राहिलं की मामा हातातला ब्रश ठेवून चहा मागवतात आणि सगळं दाखवतात. हँडलची मूठ त्यांनी काळ्या प्लास्टिकची लावली होती, ती मला सबंध कामात खटकली. मी पितळेची मूठ आणून दिली आणि त्यांनी ती आनंदाने बदलून दिली. पावसाळ्यात काम टाकू नका. पुराचं पाणी त्या बोळापर्यंत येतं हे २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या वस्तू ते माळ्यावर ठेवतात, पण दमट हवेत खळ वाळत नाही आणि रंगही नीट बसत नाही.

ज्यांच्याकडे खरा रोल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑनलाइन 'व्हिंटेज बस रोल' म्हणून कॅनव्हासवर छापलेली चित्रं दोन-तीन हजारांत मिळतात. भाच्याच्या बहिणीने एक मागवलं होतं, ते मी हातात घेऊन बघितलं. त्यात घड्यांच्या खुणासुद्धा छापलेल्या असतात, मळसुद्धा छापलेला. बोट फिरवलं तर सगळं सपाट. मागची बाजू पांढरी, बारीक नावं नाहीत, दांड्याला लावायला मोकळं टोक नाही, आणि नावं फिरायला जाणाऱ्यांच्या आवडीची. खऱ्या रोलवर एकाच डेपोच्या फेऱ्यांची नावं असतात, त्यात लोकांना न माहिती असलेली बारकी ठिकाणंही येतात. अमेरिकेच्या जुन्या रोलवर कधी कधी बनवणाऱ्याचं नाव मिळतं, न्यूयॉर्कची हंटर कंपनी हे काम मोठ्या प्रमाणावर करायची. कुणी खरा म्हणून विकत असेल तर आधी मागच्या बाजूचा फोटो मागा. त्याने टाळाटाळ केली तर पुढे जाऊ नका. १९५०-६० नंतरच्या काळातले काही रोल कापडाऐवजी प्लास्टिकच्या जातीच्या पातळ फिल्मवर असतात. तेही खरेच असतात, पण त्यांना खळ चालत नाही, चिकटत नाही. तसा रोल असेल तर मामांना आधी सांगा, ते दुसरा उपाय करतात.

घरी लावताना उन्हाची भिंत टाळा. आमच्याकडे पश्चिमेची खिडकी आहे, म्हणून पेटी आतल्या भिंतीला लावली आणि दिवा संध्याकाळी तासभरच लावतो. महिन्यातून एकदा सगळा रोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो, म्हणजे एकाच घडीवर कापड बसून राहत नाही आणि खिट्टीही गंजत नाही. नातू आला की हे काम त्याचं. त्याला 'वॉटल पार्क' आवडतं, का ते माहीत नाही, पण जाताना तो तेच नाव लावून जातो.

मार्गाच्या नंबराची छोटी चौकोनी पेटी आता करायला टाकली आहे. मेलबर्नला नंबर वेगळ्या रोलवर असायचा. तो मूळ रोल माझ्याकडे नाही, म्हणून मामा नव्या कापडावर हाताने आकडे काढणार आहेत, मागे बारीक आकड्यांसह. सहा हजार सांगितलेत, त्यात फ्यूज धरलेला आहे, पितळेची मूठही. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सकाळी अकराच्या आधी गेलात तर मामा भेटतात.